शून्य रुग्णांच्या वस्तीत : साथरोग सर्वेक्षण पथकाबरोबरचा एक दौरा

आजूबाजूच्या भागांत गोवराचे रुग्ण सापडत होते. मधल्या बांधकाम मजुरांच्या वस्तीतून मात्र दर आठवड्याच्या अहवालात शून्यच येत होतं. लहान मुलं भरपूर, लसीकरण अर्धवट, आणि तरी एकही रुग्ण नाही? म्हणून आरोग्य पथकाने स्वतः जाऊन बघायचं ठरवलं आणि मी त्यांच्याबरोबर गेले. असं काम करायला निघणाऱ्यांच्या उपयोगी पडेल ते लिहिते आहे.

आधी वेळेचं. दिवसा जाऊ नका. बहुतेक खोल्यांना कुलपं असतात आणि धाकट्याला कडेवर घेऊन थांबलेल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीला लसीच्या तारखा विचारून काही हाती लागत नाही. आम्ही काम सुटायच्या सुमारास पोचलो. गाडी लांबच उभी केली. सरकारी पाटीची गाडी दिसली की झोपड्या पाडायला आले, असंच आधी मनात येतं. मुकादम बरोबर यायला तयार होता. आरोग्य सेविकेने त्याच्याकडून खोल्यांची माहिती घेतली आणि त्याला तिथेच थांबवलं. ज्याच्या हातात मजुरी आहे त्याच्यासमोर घरातलं आजारपण कोण सांगेल?

विचारपूस सुरू करण्याआधी वस्तीला एक फेरी मारून हाताने नकाशा काढा. आमच्याकडच्या यादीत मागच्या बाजूची पत्र्याची रांग नव्हतीच. मुलं एकूण किती हेच माहीत नसेल, तर त्यातली किती आजारी आणि किती बिनलसीची, या टक्केवारीला काही अर्थ उरत नाही.

एका दारात सेविकेने विचारलं, “घरात कुणी आजारी?” बाई म्हणाली, “कुणी नाही.” तिच्यामागे एक मूल उभं होतं. त्याच्या कपाळावर आणि गळ्यावर काळपट डाग होते, त्वचेचा बारीक कोंडा सुटत होता. गोवराचं पुरळ ओसरताना असं होतं. सेविका तिथेच खाली बसली. “हे अंगावर कधी उठलं होतं गं? ताप किती दिवस होता?” मग सगळं बाहेर आलं. शेजारच्या खोलीतल्या दोघांनाही झालं होतं. औषध जवळच्या एका डॉक्टरकडून आणलं होतं आणि त्यानेही कुठे कळवलं नव्हतं. दवाखान्यात गेलं की दिवसाची मजुरी बुडते. साथ आहे म्हटलं की कामावरून काढतील ही भीती वेगळीच. आजार अंगावर काढण्यामागे अज्ञान असतं हे मला पटत नाही. तिचा हिशोब चोख होता.

म्हणून “आजारी कोण?” असं मोघम विचारू नका. “ताप आणि अंगावर पुरळ, गेल्या महिन्याभरात?” असं विचारा. पुरळ उठल्यापासून २८ दिवसांच्या आत घेतलेला रक्ताचा नमुना गोवराच्या तपासणीला चालतो, त्यामुळे उशीर झाला असं समजून परत फिरायचं कारण नाही. पुरळ उठण्याआधीच्या ७ ते २१ दिवसांत कुटुंब कुठे होतं तेही लिहून घ्या. फिरत्या कुटुंबांच्या बाबतीत साथीचा माग तिथूनच लागतो. आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस बरोबर ठेवा. ते लागोपाठ दोन दिवस द्यायचे असतात, म्हणजे दुसऱ्या दिवशीची फेरी आधीच ठरवावी लागते. नुसती माहिती नेणारा आणि औषध घेऊन येणारा, यांतला फरक लोकांना लगेच कळतो.

हे काम अशक्य नाही, हे पोलिओने दाखवलं आहे. भारतात शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला. त्याआधी वीटभट्ट्या, बांधकामं, भटक्यांचे तळ यांच्या वेगळ्या याद्या झाल्या होत्या. अचानक लुळं पडलेलं १५ वर्षांखालचं प्रत्येक मूल कळवायचं, कारण कोणतंही असो, असा नियम होता. खबर देणाऱ्यांत वैदू आणि पदवी नसलेले डॉक्टरही धरले होते, कारण लोक आधी त्यांच्याकडेच जातात. तुमच्या वस्तीतही असा माणूस असेल. त्याला दम देऊ नका, त्याचा फोन नंबर घ्या.

क्षयाची किंवा एचआयव्हीची चौकशी दारात उभं राहून मोठ्याने करू नये. ओळखपत्र मागू नका, मुलांचे फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. पत्ता लिहिताना ‘टाकीमागची तिसरी खोली’ अशी खूण लिहा आणि गावाकडचा एक नंबर जोडा, कारण काम संपलं की कुटुंब हलतं.

तपासणीचा निकाल आला की तो आधी त्या घरी सांगा, मग वरच्या कार्यालयात बैठक लावा. आमच्या सेविकेने तेच केलं, आणि लसीकरणाच्या दिवशी त्याच बाईने मागच्या रांगेतली मुलं गोळा करून आणली.