"त्यात शिकायचं काय असतंय रं?"

मामांचा फोन नेहमी रविवारी येतो आणि रविवारी मी नेमका ड्युटीवर असतो. गेल्या महिन्यात एकदाची वेळ जुळली. तब्येतपाणी झालं, पाऊसपाणी झालं, शेजारच्यांच्या लग्नाचं झालं, आणि मग मामांनी बहुधा अडीच वर्षं पोटात ठेवलेला प्रश्न बाहेर काढला. "खोल्या झाडायच्या, चादरी घालायच्या, लोकांना चहापाणी द्यायचं. तीन वर्षं त्यात शिकायचं काय असतंय रं?"

मी हसून वेळ मारून नेली. खरं सांगायचं तर इथं येण्याआधी मलाही तसंच वाटायचं. बीकॉम झाल्यावर दोन वर्षं मी एका लॉजच्या काउंटरवर बसायचो. खोल्या 'पोरं करायची'. ती कशी करतात, त्यांना कुणी शिकवलं, हे मी कधी विचारलं नाही. नवीन पोरगं यायचं, दोन दिवस जुन्याच्या मागं फिरायचं आणि तिसऱ्या दिवसापासून शिव्या खात शिकायचं.

आता मी जर्मनीत, स्टुटगार्टच्या दक्षिणेला, श्वेबिश आल्ब नावाच्या चुनखडीच्या डोंगराळ पट्ट्यात, एका छोट्या गावातल्या हॉटेलात 'आत्सुबी' आहे. आत्सुबी म्हणजे आउसबिल्डुंग करणारा, शिकाऊ उमेदवार म्हणा. पण आपल्याकडे 'शिकाऊ' म्हटलं की जे चित्र उभं राहतं तसं हे नाही. काम हॉटेलात, थिअरी सरकारी व्यवसायशाळेत, आणि परीक्षा घेणार तिसराच, म्हणजे उद्योग-व्यापार मंडळ. त्याला इथं सगळे 'ईहाका' म्हणतात. परीक्षक मंडळात मालकांचे प्रतिनिधी, कामगारांचे प्रतिनिधी आणि व्यवसायशाळेचा शिक्षक असे तिघेही लागतात, आणि हे लोक ते काम मानद म्हणून करतात. त्यामुळे माझ्या मालकाला मी कितीही आवडलो तरी तो मला पास करू शकत नाही, आणि नावडलो तरी नापास करू शकत नाही. या सगळ्यामागचा कायदा १९६९ सालचा आहे. त्याखाली सव्वातीनशेच्या आसपास व्यवसाय मान्यताप्राप्त आहेत. लेथ आणि वायरिंग मला माहीत होतं. पण बेकरीच्या काउंटरवर पाव विकणं, घरसामान हलवणं, इमारती साफ करणं, अगदी अंत्यविधीची व्यवस्था बघणं, या सगळ्याला तीन-तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे हे कळलं तेव्हा मीसुद्धा मामांसारखाच बघत राहिलो होतो.

आता फडक्याची गोष्ट सांगतो.

पहिल्या आठवड्यात मला हाउसकीपिंगला टाकलं. तिथल्या प्रशिक्षक बाई साठीच्या जवळ आलेल्या, आवाज खालचा, चष्मा गळ्यात. त्यांनी माझ्या हातात एक निळं फडकं दिलं आणि म्हणाल्या, पूस. मी पुसलं, जसं आपण पुसतो तसं, बोळा करून. त्यांनी फडकं काढून घेतलं, मधोमध दुमडलं, परत एकदा दुमडलं. दोन घड्या घातल्या की फडक्याच्या आठ स्वच्छ बाजू मिळतात. एक मळली की उलटायचं, दुसरी मळली की घडी बदलायची. आठही संपल्या की फडकं धुवायला. बोळा केला की तुम्ही पहिल्या टेबलाची घाण सातव्या टेबलावर नेऊन लावता. मग रंग. लाल फडकं फक्त संडासाच्या भांड्याला, पिवळं बेसिन आणि शॉवरला, निळं फर्निचरला, आणि आमच्याकडे हिरवं बारच्या बाजूला. जर्मन वाचता न येणारा माणूससुद्धा चुकू नये म्हणून रंग.

बाथरूमचा क्रमही ठरलेला. आत गेल्या गेल्या खिडकी उघडायची, फ्लश करायचा, भांड्यात औषध सोडायचं आणि त्याला त्याचं काम करू द्यायचं. तोवर आरसा, बेसिन, शॉवर, वरून खाली आणि स्वच्छाकडून घाणीकडे. भांडं सगळ्यात शेवटी. मी लॉजवर होतो तेव्हा पोरं नेमकी उलटी सुरुवात करायची, 'घाण काम आधी उरकून टाकू' म्हणून. आणि मग तेच हात, तेच फडकं बेसिनला.

तिसऱ्या महिन्यात मी दगड जाळला. एका खोलीच्या खिडकीच्या कट्ट्यावर कुंडीखाली पाण्याचा पांढरा गोल डाग पडला होता. इथलं पाणी जड, क्षार सगळीकडे बसतात, आणि बाथरूममध्ये त्यावर कोणतं औषध मारायचं हे मला आता पाठ झालं होतं. मारलं. डाग गेला, पण त्याबरोबर कट्ट्याची चकाकीही गेली. हाताएवढा निस्तेज पट्टा. मी पुन्हा पुसलं, कोरडं केलं, तोंडाची वाफ देऊन घासलं. काही नाही.

बाई आल्या. ओरडल्या नाहीत. माझं बोट धरून त्या पट्ट्यावरून फिरवलं, मग शेजारच्या गुळगुळीत भागावरून. नंतर खाली स्टोअरमध्ये नेलं, त्याच दगडाचा एक तुटका तुकडा काढला आणि त्यावर त्याच औषधाचा थेंब टाकायला लावला. बारीक बुडबुडे आले. दगड स्वतःच चुनखडीचा, औषध आम्लाचं. क्षार विरघळवणारं औषध दगड का सोडेल? नववीच्या विज्ञानात कॅल्शियम कार्बोनेटवर मला चार मार्क मिळाले होते. ते या खिडकीत बसलंय हे कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच दिवशी त्यांनी कागदावर एक वर्तुळ काढून त्याचे चार भाग केले. रसायन, घासणं, तापमान, वेळ. १९५९ साली हर्बर्ट सिनर नावाच्या रसायनतज्ज्ञाने मांडलेलं हे वर्तुळ आहे. कुठलीही सफाई या चौघांच्या भागीदारीत होते. एकाचा वाटा कमी केला की दुसऱ्याला भरून काढावा लागतो. दगडावर आम्ल चालत नाही ना, मग वेळ वाढव, ओलं फडकं ठेवून दे, हाताने सोस. मला एकदम करपलेलं पातेलं रात्रभर भिजत घालणारी आई आठवली. तिला सिनर माहीत नाही, पण सकाळी पातेलं निघतं.

दगड पॉलिश करायला बाहेरचा माणूस बोलवावा लागला. माझ्या पगारातून काही कापलं नाही. शिक्षा एकच, की हे सगळं बेरिख्ट्सहेफ्टमध्ये लिहायचं. ही म्हणजे आमची रोजनिशी. दर आठवड्याला काय केलं, काय शिकलो ते लिहून प्रशिक्षकाची सही घ्यायची. वही पूर्ण नसेल तर अंतिम परीक्षेला बसता येत नाही. पहिल्या आठवड्यात मी लिहिलं होतं, 'खोल्या साफ केल्या.' बाईंनी खाली लाल पेनाने लिहिलं, 'हे हॉटेलने केलं. तुम्ही काय शिकलात?' दगडाच्या आठवड्याला मी पावणेदोन पानं लिहिली. व्याकरणाच्या एकोणीस चुका निघाल्या, त्यातल्या निम्म्या 'डेर-डी-दास'च्या, म्हणजे जर्मन नामांच्या लिंगाच्या. त्या विषयावर मी इथं बोलणार नाही, संध्याकाळ खराब होते.

व्यवसायशाळा आम्हाला सलग काही आठवड्यांच्या ब्लॉकमध्ये असते. वर्गात सगळे सतरा-अठरा वर्षांचे, मी अठ्ठावीसचा, त्यामुळे सुरुवातीला दोघातिघांनी मला शिक्षक समजून 'झी' म्हटलं. 'झी' म्हणजे आपलं 'तुम्ही'. शाळेत मला सगळ्यात जड गेलं ते तक्रार ऐकणं. शिक्षक पाहुणा झाले होते, मी रिसेप्शनला. त्यांची तक्रार, रात्रभर लिफ्टचा आवाज. मी लगेच सुरू. लिफ्ट जुनी आहे, दुरुस्तीवाल्याला कळवलंय, हॉटेल भरलेलं होतं म्हणून ती खोली दिली, वगैरे. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं आणि मग वर्गाला विचारलं, याने पाहुण्याला झोप लागली का हे एकदा तरी विचारलं का? नव्हतं विचारलं. "अहो पण त्याचं काय झालं..." हे वाक्य माझ्या तोंडात इतकं मुरलेलं आहे की ते काढायला एक अख्खा ब्लॉक गेला. आधी ऐकायचं, लिहून घ्यायचं, माफी मागायची, आता काय करतो ते सांगायचं आणि ते केलं की परत येऊन सांगायचं. कारणं विचारली तरच द्यायची. हे आता मी घरच्या फोनवरही करून बघतो. बायको म्हणते, हॉटेलवाल्यासारखं बोलू नको.

सगळं असं छान छान नाही, तेही सांगायला हवं. माझ्या वर्गातली एक मुलगी दुसऱ्या हॉटेलात होती, तिला सहा आठवडे नुसती भांडी धुवायला ठेवलं होतं. कायदा सांगतो की आत्सुबीला शिक्षणाच्या उपयोगाचीच कामं द्यायची. पण मालकाला स्वस्तात हात मिळतात आणि अठरा वर्षांच्या पोरीला कायदा कुठं पाठ असतो? ईहाकाकडे यासाठी प्रशिक्षण सल्लागार असतात. तिच्या आईने फोन केला आणि शेवटी मुलीने हॉटेलच बदललं. देशभरात आउसबिल्डुंगचे तीसेक टक्के करार मुदतीआधी मोडतात, आणि हॉटेल-रेस्टॉरंटच्या धंद्यात हे प्रमाण त्याहून बरंच वर आहे. शनिवार-रविवार काम, सकाळी सहाची पाळी, गावात शेवटची बस साडेसातला. पगाराचं म्हणाल तर २०२५ मध्ये सुरू झालेल्या करारासाठी पहिल्या वर्षाचं कायदेशीर किमान विद्यावेतन महिना ६८२ युरो आहे, दुसऱ्या वर्षी त्याच्या १८ टक्के जास्त, तिसऱ्या वर्षी ३५ टक्के जास्त. बऱ्याच ठिकाणी याहून जास्त मिळतं, पण त्यातून विमा आणि पेन्शनची कपात होते. पैसे घरी पाठवायच्या हिशेबाने कुणी येत असेल तर त्याने ही तीन वर्षं त्या हिशेबातून वगळावीत.

शिकवणाऱ्यालाही इथं परीक्षा असते, हे मला फार उशिरा कळलं. बाईंकडे तीस वर्षांचा अनुभव होता, तरी प्रशिक्षक व्हायला त्यांना वेगळी पात्रता परीक्षा द्यावी लागली. २००३ साली सरकारने ही अट स्थगित केली होती, शिकाऊंच्या जास्त जागा निघाव्यात म्हणून. २००९ मध्ये ती परत आणावी लागली. काम येणं आणि काम शिकवता येणं यातला फरक मला आमच्या लॉजच्या मॅनेजरांकडे बघून आधीच कळायला हवा होता.

२०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारचा या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार झाला, दहा हजार जणांचा आकडा पेपरात आला, तेव्हापासून मला गावाकडून मेसेज येतात. बहुतेकांचा प्रश्न एजंट किती घेतो हा असतो. मी उलट विचारतो, जर्मन किती झालं? आउसबिल्डुंगच्या व्हिसाला साधारण बी-वन पातळीचं जर्मन लागतं, आणि ते कागदावरचं बी-वन पहिल्याच दिवशी तोकडं पडतं. मला पहिल्या संध्याकाळी एका आजोबांनी 'फिअर्टेले' मागितलं. पुस्तकात नाही, ॲपमध्ये नाही. पाव लिटर वाइन हवी होती त्यांना, श्वेबिश बोलीत. मी पंधरा मिनिटांचा काही हिशेब आहे का म्हणून घड्याळाकडे बघत होतो. दुसरं म्हणजे करार ईहाकाच्या नोंदवहीत नोंदवला जाणार आहे ना, ते विचारा. ते उत्तर गोलमोल आलं तर पुढं जाऊ नका.

आणि एक गोष्ट मला अजून पटत नाही. आमच्याकडे एक रोमेनियाची बाई आहे, अकरा वर्षं याच हॉटेलात. चादरीचा कोपरा मुडपायला मला खरं तर तिनेच शिकवलं, बाईंनी नव्हे. मी एक खोली करतो तोवर तिच्या दोन होतात आणि त्यात केस सापडत नाही. पण कागदोपत्री ती 'उनगेलेर्न्ट', म्हणजे न शिकलेली. पगार त्या खान्यातला. मी परीक्षा पास झालो की तिच्यापेक्षा जास्त कमावणार, जे हात मी तिच्याकडूनच उचललेत त्यांच्या जोरावर. हरेक कामाला अभ्यासक्रम केला की ज्याच्याकडे कागद नाही त्याचं काम कामच राहत नाही, ही या व्यवस्थेची दुसरी बाजू.

कायद्यात त्यालाही एक दार आहे. आउसबिल्डुंगच्या दीडपट काळ, म्हणजे तीन वर्षांच्या व्यवसायाला साडेचार वर्षं, ते काम केलेलं दाखवता आलं तर थेट अंतिम परीक्षेला बसता येतं. गेल्या वर्षी बाईंनी तिच्या मागं लागून गृहव्यवस्थापनाच्या परीक्षेचा अर्ज भरून घेतला. तेव्हापासून गुरुवारी पाळी संपल्यावर आम्ही दोघं चादरींच्या खोलीत बसतो. ती माझ्या हातात घड्याळ देऊन मला पलंग लावायला लावते आणि मी तिला थिअरी वाचून दाखवतो. दोघांचंही जर्मन मोडकं, त्यामुळे बरं चालतं.

परवा आम्ही आम्ल आणि चुनखडीपर्यंत आलो. मी वहीत बुडबुड्यांचं चित्र काढलं, समीकरण लिहिलं, सिनरचं वर्तुळ काढलं. तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे मला नावानं माहीत नव्हतं. पण त्या कट्ट्यांना मी अकरा वर्षांत ती बाटली लावली नाही." आणि चादर झटकत माझ्याकडे बघून, "तुला समीकरण शाळेपासून येत होतं ना? मग तू का ओतलंस?"