गोठणगावच्या कॅम्पातलं हिरवं पुस्तक

आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे. आम्ही सगळे तिला कॅम्पच म्हणतो. १९७२ पासून ही माणसं इथं राहतात, आमच्यासारखाच धान लावतात आणि थंडी पडली की स्वेटर विकायला बाहेर पडतात.

तिथल्या एका काकांनी मला त्यांचं हिरवं पुस्तक हातात दिलं होतं. आत फोटो आणि दरवर्षीच्या वर्गणीच्या नोंदी. हिमाचलातल्या धरमशालेहून चालणाऱ्या तिबेटी निर्वासित सरकारला हे लोक स्वखुशीने पैसे देतात, आणि मतदानाला हे पुस्तक लागतं. काकांच्या पुस्तकात एकही वर्ष सुटलेलं नव्हतं. ज्या सरकारला जगात मान्यता नाही, त्याचा कर इतक्या नेमाने भरणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

१६४२ साली पाचव्या दलाई लामांकडे तिबेटची सत्ता आली. तेव्हापासून धर्मपीठ आणि राजगादी एकच. कारभार कधी त्यांचा, कधी त्यांच्या नावाने दुसऱ्यांचा. आताच्या दलाई लामांनी हे स्वतःहून थांबवलं. मार्च २०११ मध्ये त्यांनी राजकीय अधिकार सोडत असल्याचं जाहीर केलं. निर्वासित संसदेने फेरविचाराची विनंती केली, ती त्यांनी मानली नाही. राजे आणि धर्मगुरूंनी राज्य करण्याचा काळ सरला, असं त्यांनी आपल्याच भक्तांना सांगितलं. ऑगस्टमध्ये लोबसांग सांगे या निवडून आलेल्या, भिक्खू नसलेल्या माणसाने कारभार हाती घेतला.

मी बौद्ध घरातला. माझे आजोबा १९५६ ला दीक्षाभूमीवर होते. ज्या बाबासाहेबांनी आम्हाला धम्म दिला, त्यांच्याच संविधानात कोणत्याही धर्मगुरूसाठी खुर्ची नाही. म्हणून २०११ चा तो निर्णय मला फार मोठा वाटतो. मागून, लढून सत्ता घेणारे पुष्कळ. लोक नको म्हणत असताना ती सोडणारा धर्मगुरू विरळाच.

पण काम अर्धवट राहिलं आहे. त्यांच्या ४५ जणांच्या संसदेत १० जागा धर्मपंथांच्या आहेत. त्यामुळे भिक्खू-भिक्खुणींना दोन मतं, एक तिबेटातल्या आपल्या मूळ प्रांताचं आणि एक पंथाचं. काकांना, धानाच्या शेतकऱ्याला, एकच. मी त्यांना म्हटलं, हे बदला. ते म्हणाले, ‘‘मठ होते म्हणून आमची भाषा वाचली, भाऊ.’’ भाषेचं मला पटलं. दुसऱ्या मताचं अजूनही पटत नाही, आणि पुढच्या भेटीत मी तो विषय पुन्हा काढणार आहे.