कबुलीचे प्रकरण

कादंबरीची बाकीची प्रकरणे कमीअधिक कष्टाने उतरत गेली होती. अडले होते ते कबुलीचे प्रकरण. धाकटीच्या नावाने आलेले पत्र आपण वर्षानुवर्षे दडवून ठेवले, हे थोरली बहीण तिला सांगते, असा तो प्रसंग. सारी कादंबरी ज्या क्षणाकडे चालत येते, तोच क्षण कागदावर निर्जीव व्हावा, हा त्रास फार खोल असतो. थोरली सविस्तर खुलासा करी, धाकटी तितक्याच सविस्तर संतापे, आणि दोघींची वाक्ये इतकी नेटकी असत की त्यांतले एकही वेदनेतून निघाल्यासारखे वाटत नसे.

त्या दिवशी मी नवे काही न लिहिता मागची प्रकरणे वाचत बसलो. पत्र दडवल्याचे वाचकाला केव्हाच कळलेले आहे, तेव्हा कबुलीत त्याच्यासाठी नवे काहीच नाही, हे वाचताना प्रकर्षाने जाणवले. मग धाकटीच्या वागण्यातल्या काही जागा एकमेकींशी जुळू लागल्या. एक नाव निघताच तिचे विषय बदलणे किंवा वडिलांच्या लेखनपेटीला कधीही हात न लावणे मी केवळ स्वभाव म्हणून लिहिले होते. तिला पत्राविषयी पूर्वीपासून ठाऊक होते! प्रसंगाचे वळण थोरलीच्या कबुलीत नव्हते, ते धाकटीच्या इतक्या वर्षांच्या मौनात होते.

तरीही दोघींना समोरासमोर बसवले की संवादाची भाषणे होत. तेव्हा फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेर आठवला. ‘मादाम बोव्हारी’ या आपल्या कादंबरीतील कृषिप्रदर्शनाच्या प्रसंगावर तो १८५३ साली कित्येक महिने खपत होता. विवाहित नायिका एमा हिला भुलवू पाहणारा रोदोल्फ तिच्याशी प्रेमाचे बोलत असताना खालच्या चौकातून अधिकाऱ्यांची भाषणे आणि खतापासून डुकरांपर्यंतच्या बक्षिसांच्या घोषणा ऐकू येत राहतात, आणि त्या व्यत्ययामुळेच त्याच्या शब्दांतला पोकळपणा लेखकाने न सांगता उघडा पडतो. भावनेला आड येणारे काहीतरी तिथे हवे असते, हे मला त्या पानांनी शिकवले आहे.

मी दोघींच्या हाती काम दिले. वडिलांच्या मागे राहिलेल्या सामानाची यादी करायची. थोरली वस्तू सांगते, धाकटी लिहून घेते. लेखनपेटी येते तेव्हा थोरली अडखळते. ‘‘त्या पेटीत...’’ एवढेच ती म्हणते. धाकटी मान वर न करता पेटीपुढे ‘रिकामी’ असे लिहिते आणि म्हणते, ‘‘पुढचं सांग, ताई.’’

हे लिहिताना माझा हात थरथरत होता. कबुलीची आधीची सगळी पाने त्याच दुपारी बाजूला काढली. धाकटीने ती पेटी कधी उघडली, हे कुठेही दाखवायचे नाही, असे मी ठरवले. तिच्या घर सोडून जाण्याचे प्रकरण मात्र पहिल्या वाक्यापासून नव्याने लिहायला घेतले, कारण ते जाणे आता अजाण मुलीचे राहिले नव्हते.