एफ६, चार फ्लॉप्या आणि एक बुरशी : एक्सपी पीसीची नोंद, भाग ३

जुन्या विंडोज एक्सपीसाठी पीसी जुळवतेय; मागच्या भागात मदरबोर्ड जिवंत झाला इथे थांबले होते. पी३५ चिपसेट, साउथब्रिज (डिस्क वगैरे जोडणारी चिप) आयसीएच९आर, २ जीबी रॅम, ८० जीबीची साटा डिस्क. एक्सपीच कशाला, असं बऱ्याच जणांनी विचारलं. बाबांच्या दिवाळी अंकाच्या पेजमेकर (पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर) फाइली युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत अडकल्यात, हे घरी सांगायचं कारण. खरं कारण निव्वळ हौस.

शनिवारी सीडी घातली. निळ्या पडद्यावर फाइली लोड झाल्या आणि मग 'या कॉम्प्युटरमध्ये हार्ड डिस्क सापडली नाही, बाहेर पडायला एफ३ दाबा.' बायोसमध्ये (बोर्डवरच्या मूळ प्रोग्राममध्ये) डिस्क दिसत होती, मॉडेल नंबरसकट.

यात गूढ काही नाही. सीडीवरून बूट होईपर्यंत डिस्कशी बोलण्याचं काम बायोस करतो. सेटअपचा कर्नल, म्हणजे गाभा, चालू झाला की तो बायोसला बाजूला सारून स्वतःचे ड्रायव्हर (हार्डवेअरशी बोलणारे प्रोग्राम) वापरतो. एक्सपी २००१ ची, एएचसीआय, म्हणजे साटा डिस्कशी बोलण्याची नवी पद्धत, त्यानंतरची. सीडीवर त्याचा ड्रायव्हर नाही, म्हणजे एक्सपीच्या लेखी डिस्कच नाही. बायोसमध्ये साटा मोड 'आयडीई' केला तर कंट्रोलर जुन्या जातीचा असल्याचं सोंग घेतो आणि सगळं सुरळीत चालतं. पण मग एनसीक्यू (डिस्कने कामं सोयीच्या क्रमाने उरकणं) नाही, आणि नंतर ड्रायव्हर न घालता एएचसीआय केलं की बूट डिस्क सापडत नसल्याची, ७बी एररची निळी स्क्रीन. दुसरा मार्ग म्हणजे सेटअपच्या सुरुवातीला एफ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर देणं. शिवाय मला फ्लॉपीनेच करायचं होतं. हट्ट म्हणा.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात फ्लॉपी ड्राइव्ह विचारल्यावर एका दुकानदाराने 'ताई, म्युझियममध्ये बघा' म्हणून हसून घेतलं. शेजारच्याच दुकानाच्या पोटमाळ्यावर धूळ खात पडलेला मिळाला, ३४ पिनांच्या केबलसकट. घरी जोडला तर दिवा विझेचना. दिवा सतत पेटलेला म्हणजे केबल उलटी. ही खूण विसरलेच होते.

फ्लॉप्या मात्र घरातल्याच. मुलुंडच्या आमच्या माळ्यावर पावसाळ्याची ओल वर्षानुवर्षं बसलेली. शटर सरकवून पाहिलं तर चारपैकी दोन चकत्यांवर पांढरट बुरशीचे ठिपके. असल्या फ्लॉप्या ड्राइव्हमध्ये घालू नका, हेडला बुरशी लागली की पुढची चांगली फ्लॉपीही खराब होते. तिसरी फॉरमॅट होतानाच कण्हली. चौथी टिकली.

आता चुका. ड्रायव्हरची झिप उघडून फोल्डरसकट फ्लॉपीवर टाकली. सेटअपला टीएक्सटीसेटअप डॉट ओईएम ही फाइल मुळातच, म्हणजे कुठल्याही फोल्डरशिवाय हवी असते. ती नाही मिळाली की तो फ्लॉपी घाला, फ्लॉपी घाला असं म्हणत बसतो. फाइली बाहेर काढल्या.

दुसरी चूक एफ६ चीच. सूचना पडद्याच्या तळाला काही सेकंद येते, आणि दाबल्यावर काहीच होत नाही! सेटअप आपला फाइली लोड करत राहतो. हुकलं समजून मी दोनदा रीस्टार्ट केलं. तिसऱ्यांदा दूध उतू जातंय का बघायला स्वयंपाकघरात गेले, परत आले तर 'एस दाबा' असं लिहून पडदा वाट बघत होता. (यूएसबी कीबोर्ड असेल तर बायोसमधलं लेगसी यूएसबी चालू आहे ना, आधी बघा. नाहीतर जुन्या गोल पिनेचा पीएस/२ वाला घ्या.)

मग ड्रायव्हरांची यादी. चौकटीत चारच ओळी मावतात आणि खाली आणखी नावं आहेत हे सहज लक्षात येत नाही. वर दिसलेलं रेडवालं (अनेक डिस्क एकत्र जोडण्यासाठीचं) नाव मी घाईने निवडलं, पुन्हा डिस्क गायब. बाण दाबत खाली गेल्यावर आयसीएच९आर एएचसीआय सापडलं. एंटर. डिस्क आली, ७६ हजार आणि काही एमबी. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

फॉरमॅट झालं, आणि इथे माझ्यासारख्या उतावळ्यांसाठी सापळा आहे: फ्लॉपी काढू नका. ड्रायव्हर एकदा मेमरीत लोड होतो, पण फाइली डिस्कवर कॉपी करताना सेटअपला तीच फ्लॉपी पुन्हा लागते. मी काढून बुरशीवाल्यांच्या ढिगात ठेवली होती. चारही काळ्या, लेबलं गळून पडलेली. दहा मिनिटं बॅटरीच्या उजेडात चकत्या न्याहाळत बसले.

एवढा खटाटोप कोणी हल्ली करत नाही म्हणून हसू नका. इंटेलच्या अकराव्या पिढीच्या लॅपटॉपांवर व्हीएमडी (डिस्क सांभाळणारी इंटेलची सोय) चालू असलं की विंडोजचा सेटअप आजही डिस्क दाखवत नाही आणि 'लोड ड्रायव्हर' करावं लागतं. त्या ड्रायव्हरच्या फोल्डरच्या नावात अजून 'एफ६' आणि 'फ्लॉपी'चं संक्षिप्त रूप शाबूत आहे, पेनड्राइव्हवर.

रविवारी रात्री डेस्कटॉप आला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये एएचसीआय कंट्रोलर पिवळ्या (ड्रायव्हर नसल्याच्या) खुणेशिवाय. साउंड कार्ड मात्र पिवळं आहे, आणि त्याची सीडी बाबांनी कुठे ठेवली ते त्यांनाच आठवत नाही.