आधी कुणाचं फेडायचं?

रविवार, रात्री

शेवटी आज सगळी देणी एका कागदावर आली. आत्तापर्यंत निम्मं माझ्या डोक्यात, निम्मं नवऱ्याच्या मोबाईलमध्ये आणि दोघांनाही वाटायचं की दुसऱ्याला सगळं माहितीये. मुलाच्या रफ वहीचं पान फाडलं, चार रकाने आखले, कुणाचे, किती राहिले, व्याज किती, आणि कोणत्या तारखेला कापले जातात.

तर इथल्या, नाशिकमधल्या पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटचं होम लोन, १८ लाखांचं होतं ते आता सतराच्या जरा खाली आलंय, हप्ता १५,९००. पर्सनल लोन दोन लाखांचं, तीन वर्षांचं, १५ टक्क्यांनी, हप्ता ६,९३०, अजून २२ हप्ते बाकी. क्रेडिट कार्ड १ लाख १८ हजार. वॉशिंग मशीनचे २,१५० चे पाच हप्ते. आणि निफाडच्या दादाचे ६० हजार, बिनव्याजी, बिनकागदाचे. किराणावाल्याचे तीनेक हजार असतात कायम, ते मी धरत नव्हते, नवऱ्याने धरायला लावले, म्हणे देणं ते देणं. वर माझी भिशी आहे महिना ३ हजारांची, ती कर्ज नाही पण पैसे तर जातातच. दोघांचे पगार मिळून ५८ हजारांच्या आसपास, त्यातले जवळजवळ ३४ हजार आल्या आल्या जातात, उरलेल्यात शाळा, स्कूल व्हॅन, सासूबाईंची औषधं, पेट्रोल, गॅस, भाजी आणि जे काय ते.

हे उधळपट्टीचं कर्ज नाहीये हे इथे एकदा लिहून ठेवते, कारण नातेवाईकांत तसं बोललं जातं. सासऱ्यांच्या बायपासचे मेडिक्लेमने बरेचसे दिले पण सगळे नाही दिले, नंतरची औषधं, तपासण्या, देखभालीला घरी लावलेली बाई हे सगळं कार्डावर गेलं, आणि नेमकं त्याच सुमाराला नवऱ्याच्या कंपनीतला ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, बंद झाला. अंबडच्या कारखान्यांत ओटीवर घर चालवणारे किती आहेत ते तिथे राहणाऱ्यालाच माहिती, पगार स्लिपवरचा आकडा वेगळा आणि हातात येणारा वेगळा असतो.

कागदावर सगळ्यात मोठा आकडा होम लोनचा, त्यामुळे माझं सगळं टेन्शन इतके दिवस त्याचंच होतं. पण व्याजाचा रकाना भरला आणि नजर कार्डावर गेली. स्टेटमेंट उघडून बसले. महिना साडेतीन टक्के व्याज, म्हणजे १ लाख १८ हजारांवर ४,१३० रुपये, त्याच्यावर १८ टक्के जीएसटी ७४३, झाले ४,८७३. आणि आपण भरतोय किती, तर मिनिमम ड्यू, म्हणजे बँक कमीत कमी मागते तेवढेच, ५,९००. म्हणजे दर महिन्याला जवळपास सहा हजार भरून मूळ रकमेतून जातात जेमतेम हजार रुपये! बाकीचे नुसते व्याजाचे. नवऱ्याला दाखवलं तर त्याने कॅल्क्युलेटरवर परत केलं, मग अजून एकदा केलं.

आणि वर गंमत अशी की आधीची बाकी शिल्लक असली की नवीन खरेदीला ती ४५-५० दिवसांची सवलत मिळतच नाही, स्वाइप केल्या दिवसापासून मीटर चालू. आमचे साहेब एक टक्का कॅशबॅकसाठी पेट्रोल कार्डावर भरतात. होते. आजपासून नाही.

सोमवार

नवऱ्याने लंच टाइममध्ये यूट्यूबवर दोन व्हिडिओ बघितले, एक म्हणतो सगळ्यात लहान कर्ज आधी उडवा म्हणजे हुरूप येतो, दुसरा म्हणतो सगळ्यात जास्त व्याजाचं आधी उडवा. संध्याकाळी येऊन मला विचारतो आपण कोणती पद्धत घ्यायची. म्हटलं लहान आधी म्हणजे आपल्यात वॉशिंग मशीन आलं, त्याचे पाच हप्ते आपसूक संपणारेत, आधी भरून एक रुपया वाचणार नाही, मग हुरूप कसला. पद्धतबिद्धत काही नाही, प्रत्येक कर्जाचं आपापलं बघावं लागणार.

मग त्याने दुसरा विषय काढला, की शिफ्टमधल्या एकाने कार्डाचं सेटलमेंट केलं, काही महिने भरलंच नाही, मग बँकेनेच फोन करून इतके द्या आणि मिटवा म्हणून सांगितलं. ऐकायला भारी वाटतं. पण सिबिलवर, म्हणजे आपल्या कर्जांच्या रेकॉर्डवर, ‘सेटल्ड’ असा शिक्का बसतो आणि पुढे कुठलंही लोन मागायला गेलं की तोच आधी दिसतो, शिवाय त्या मधल्या महिन्यांतले वसुलीचे फोन. ज्याला खरंच शक्य नाही त्याने करावं, माझं त्याला नाव ठेवणं नाही. आपल्याला फेडता येतंय, दोघांच्या नोकऱ्या चालू आहेत, मग कशाला.

आणि हो, कुंभमेळा. सध्या नाशकात कुणाशीही बोला, गाडी कुंभमेळ्यावर येतेच, फ्लॅटचे भाव कुंभमेळ्यामुळे, रस्ते खोदलेत ते कुंभमेळ्यामुळे, आणि नवऱ्याच्या मित्राचा प्लॅन असा की दोघांनी मिळून लोनवर गाडी काढायची आणि २०२७ मध्ये भाविकांची ने-आण करायची, सगळं कर्ज एका सीझनमध्ये वसूल. मी काही बोलले नाही, फक्त रफ वहीचं पान पुढे केलं आणि म्हटलं यात खाली अजून एक ओळ लिहायला जागा आहे, लिहू का. विषय तिथेच थांबला.

बुधवार

सोन्याचं बोलायला दोन दिवस लागले मला. माझ्या आईने लग्नात घातलेल्या पाटल्या आहेत, भरीव, त्या कपाटात असतात, लग्नकार्याला निघतात. त्या बँकेत ठेवून गोल्ड लोन घ्यायचं आणि कार्ड एका फटक्यात शून्य करायचं असं माझ्या डोक्यात. पर्सनल लोनवर टॉप-अप, म्हणजे वर आणखी लोन, मिळत होतं, त्याचे मेसेज तर रोज येतात, प्री-अप्रूव्ह्ड, दोन मिनिटांत खात्यात, पण ते १५-१६ टक्क्यांचं आणि इथे बँकेत साडेनऊ सांगितलं. १ लाख १८ हजारांवर साडेनऊने महिन्याचं व्याज होतं साधारण ९३५ रुपये. आत्ता आपण देतोय ४,८७३.

पण सोनं गहाण म्हटलं की आपल्याकडे घराला उतरती कळा लागली असंच वाटतं लोकांना. नवरा तर सरळ नाही म्हणाला, तुझ्या माहेरचं आहे, मी हात लावणार नाही. तो जरा चिडलाच. सासूबाई लसूण सोलत होत्या, मला वाटलं आता ह्या पण सुरू होतील. त्या म्हणाल्या, “अरे कपाटात ठेवून त्याचं काय लोणचं घालायचंय का? तिचं आहे, ती बघेल. फक्त कुणा सावकाराकडे नको गं, सरकारी बँकेत ठेव, आणि वजनाची पावती नीट वाचून घे.” मग सांगत बसल्या की त्यांच्या सासूबाईंचा कोल्हापुरी साज असाच एकदा गेला होता तो परत आलाच नाही, म्हणून पावती. हे इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

शुक्रवार

हाफ डे टाकून बँकेत गेले. बँकेच्या पॅनेलवरचे सराफ ठरलेल्या वेळेलाच येतात त्यामुळे तासभर बसावं लागलं. पाटल्या आधी तशाच काट्यावर ठेवल्या, मग भिंगातून आतली बाजू बघितली, मग काळ्या कसोटीवर कडेची बाजू हलकीच घासली, सोनेरी रेघ उमटली, त्यावर बाटलीतल्या अ‍ॅसिडचा थेंब सोडला आणि रेघ तशीच राहते का ते बघत बसले. मी पण बघत बसले, जीव उगाच वरखाली. रेघ राहिली. आईला फोन करून सांगावंसं वाटलं पण तिला हे प्रकरण अजून सांगितलेलंच नाहीये.

भाव सध्या तोळ्याला लाखाच्या वर, त्यामुळे अजून बरंच मिळत होतं. काउंटरवरची मॅडम म्हणाली घेऊन ठेवा ना, गणपती आलेत, दिवाळी आहे. चांगल्या मनानेच म्हणाली असेल. म्हटलं नको, १ लाख १८ हजार, कार्डापुरते.

दुसरा प्रश्न हप्त्याचा. एक प्रकार असतो ज्यात वर्षभर काही भरायचं नाही आणि शेवटी मुद्दल अधिक व्याज एकदम. बरेच जण तोच घेतात कारण महिन्याला ताण नाही. पण वर्षाने माझ्याकडे सव्वा लाखाच्या वर एकरकमी कुठून येणार, आणि नाही आले की रिन्यू करा नाहीतर लिलावाची नोटीस. मी महिन्याच्या हप्त्याचं घेतलं, दोन वर्षं, ५,४२० रुपये. पावतीवर दोन्ही वजनं वाचली, एकूण आणि निव्वळ, सही केली, पाटल्या पाकिटात गेल्या, लाखेचं सील झालं.

घरी आल्यावर नवरा म्हणतो, म्हणजे मिनिमम ड्यू ५,९०० होता आणि हा हप्ता ५,४२०, महिन्याला वाचले किती तर पाचशे, मग एवढा उपद्व्याप कशाला. महिन्याच्या खर्चात फारसा फरक पडणार नाही हे त्याचं बरोबरच आहे. पण ५,९०० वाल्या गाडीला स्टेशनच नव्हतं, ही गाडी दोन वर्षांनी थांबणार. हे त्याला पटलं. किंवा भूक लागली होती म्हणून हो म्हणाला.

शनिवार

कार्डाचे सगळे पैसे भरले. बिल झाल्यापासून भरल्या दिवसापर्यंतचं व्याज पुढच्या स्टेटमेंटला येणार, ते बाजूला काढून ठेवलंय, नाहीतर शून्य समजून बसायचो आणि परत दंड. नवऱ्याचं म्हणणं कार्ड कापून टाकू, माझं म्हणणं राहू दे, दवाखान्याला अडीनडीला लागतं, पण लिमिट २५ हजारांवर आणू. अ‍ॅपमध्ये लिमिट वाढवायचं बटण पहिल्या पानावर आहे, कमी करायचं सापडता सापडत नाही, शेवटी कस्टमर केअरला फोन करून झालं.

होम लोनला हात लावायचा नाही असं ठरलं. २०२५ मध्ये रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो, साडेसहावरून सव्वापाचवर आला, आपलं लोन रेपोला जोडलेलं आहे, त्यामुळे व्याज पावणेनऊचं साडेसातच्या आसपास आलंय, तरी हप्ता तेवढाच, कारण बँका शक्यतो हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात. नवरा म्हणतो अर्ज करून हप्ता कमी करून घेऊ, हजार-दीड हजार सुटतील. मोह मला पण झाला. पण कमी झालेली वर्षं परत कशाला वाढवून घ्यायची. पर्सनल लोन पण तसंच चालू ठेवायचं, मुदतीआधी बंद केलं तर चार टक्के चार्ज आणि वर जीएसटी, आत्ता राहिलेल्या १ लाख ३२ हजारांवर ते सहा हजारांच्या वर जातात, आणि बंद करायला पैसे आहेत कुठे. मला काहीतरी करत राहायची इतकी सवय की दोन कर्जांपुढे ‘आहे तसं’ लिहिताना हात थांबत होता.

तारखांचं मात्र केलं. पगार होतो ७ ते १० मध्ये, पर्सनल लोनचा हप्ता कापला जातो २ ला, होम लोनचा ५ ला. त्यामुळे मागच्या महिन्याचे पैसे तोपर्यंत टिकवून धरायचे आणि नाही टिकले की हप्ता बाउन्स, प्रत्येक वेळी ५९० रुपये दंड. आता माझं जुनं बँक खातं फक्त हप्त्यांचं, त्याचं यूपीआय काढून टाकलं, पगाराच्या दिवशीच पुढच्या महिन्याचे हप्ते तिकडे टाकायचे. पहिला महिना जड जाणारे, एकाच महिन्यात दोन महिन्यांचे हप्ते जाणार, त्याला नवऱ्याचा बोनस धरलाय. गणपतीला या वर्षी मखर मागच्याच वर्षीचं. मुलगा नाराज आहे, त्याला रंग आणून देईन.

रविवार

राहिला दादा. व्याज शून्य म्हणून नवऱ्याच्या हिशोबात तो सगळ्यात शेवटी होता, आणि हिशोब म्हणून ते चूक नाही. पण दादाचा बाग आहे द्राक्षाचा, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची, त्यानंतर पेस्टिंग म्हणजे डोळे फुटायला काड्यांना लेप, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, फवारण्या, मजूर, सगळा पैसा त्याच दोन-तीन महिन्यांत लागतो. आपले ६० हजार मिळाले नाहीत तर तो दुकानदाराकडून औषधं उधारीवर उचलणार आणि तिथे भाव वाढवूनच लावतात. म्हणजे आपल्याला शून्य टक्के दिसतंय त्याचं व्याज दादा भरतोय. वहिनी कधी बोलली नाही, राखीला गेले तेव्हाही नाही, पण या वेळी ‘अजून रहा ना’ पण म्हणाली नाही.

फोन केला, महिन्याला पाच-पाच हजार देऊ का विचारलं. दादा म्हणाला, “तुकड्यात नको देऊ ताई, तुकड्यातले कुठे जातात कळत नाहीत. देशील तेव्हा एकदम दे. नसले तर नसू दे.” ते ‘नसू दे’ ऐकूनच ठरवलं की छाटणीच्या आत द्यायचे.

भिशी आमची २० जणींची, ३ हजारांप्रमाणे बरोबर ६० हजार. माझा नंबर अजून लागलेला नाही. पुढच्या महिन्याची चिठ्ठी निघाली ती आमच्याच बिल्डिंगमधल्या जोशी काकूंची. दुपारी त्यांच्याकडे गेले, कशाला हवेत तेही सांगून टाकलं. काकू म्हणाल्या देते, मला काही लगेच लागत नाहीयेत, पण मग तुझी चिठ्ठी निघेल तो महिना माझा, आणि हे बाकीच्यांसमोर बोलायचं, मागाहून कुणाची कटकट नको. मी हो म्हटलं. मंगळवारी सगळ्या जमणारेत, तेव्हा काढते विषय. दोघी-तिघी नाकं मुरडतील, एक तर नक्कीच विचारेल की काय गं, एवढी काय अडचण आली.