लायसन्स निघालं, आता टेंडर भरू का मामा?

परवा भाच्याचा फोन आला, आवाजातच पेढा होता. "मामा, लायसन्स निघालं! आता टेंडर भरू का?" डिप्लोमा सिव्हिल झालाय त्याचा, सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून बांधकाम विभागात नोंदणी केली अन पोराला वाटलं आता काय, महाटेंडर्सवर म्हणजे सरकारी टेंडरच्या साइटवर जायचं, डिजिटल सहीचं डोंगल लावायचं, रेट टाकायचा की काम सुरू. मी म्हणलं पेढे जरा थांबव, रविवारी घरी ये. आला, तीनदा चहा झाला, अन त्याला जे सांगितलं तेच इथं लिहून ठेवायलो, कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं अन कळायला नऊ-दहा वर्षं गेली.

मी औसा तालुक्यातला. आमच्याकडं ठेकेदाराला गुत्तेदार म्हणतात अन गुत्तेदार म्हणलं की लोकांच्या डोळ्यासमोर पांढरी गाडी, पांढरे कपडे अन पुढाऱ्याशेजारचा बॅनरवरचा फोटो येतो. माझ्याकडं एक जुनी पिकअप आहे, मागं सेंट्रिंगच्या प्लेटा अन कॅबिनमध्ये फायली. खरं सांगायचं तर प्लेटांपेक्षा फायलींनीच जास्त दमवलंय.

तर पहिली गोष्ट, जी भाच्याला पटायलाच अर्धा तास लागला. लायसन्स म्हणजे नुसतं दारात उभं राहायची परवानगी. तुमचा जो वर्ग असेल त्या रकमेपर्यंतचं टेंडर तुम्ही भरू शकता, एवढंच. आत घ्यायचं का नाही ते त्या त्या टेंडरच्या पात्रतेच्या अटी ठरवतात अन त्या वेगळ्या. मोठ्या प्रकल्पाला आधी नुसती पात्रता मागवतात, त्यात जे बसतील त्यांनाच टेंडर भरू देतात, पण आपल्या लेव्हलच्या कामाला दोन लिफाफे. पहिल्यात कागद, दुसऱ्यात रेट. पहिल्यात नापास झालात तर दुसरा उघडतच नाहीत. तुम्ही सगळ्यात स्वस्तात करून देणार असाल, कुणाला कळतच नाही.

माझं तेच झालं होतं. एका तालुक्याच्या ठिकाणी शाळेची इमारत, अंदाजपत्रक २ कोटी ४० लाख. मी महिनाभर रेट काढत बसलो, जालन्याहून सळईचे भाव घेतले, खडी, वाळू, मिस्त्री, सगळं. ९ टक्के बिलो, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा तेवढा कमी रेट टाकला अन त्यातही चार पैसे उरत होते. पहिल्याच लिफाफ्यात उडालो. काम गेलं ४ टक्के बिलोनं. म्हणजे ५ टक्क्यांचा फरक, २ कोटी ४० लाखावर १२ लाख रुपये, ते सरकारचे गेले बरं का, माझं तर कामच गेलं.

का उडालो ते सांगतो, पण त्याच्या आधी हिशोब समजून घ्या, नाहीतर गोष्ट कळणार नाही.

ह्या अटींचं मूळ बऱ्याच ठिकाणी एकच आहे, केंद्रीय दक्षता आयोगाचं १७ डिसेंबर २००२ चं पत्रक. त्यात असंय की मागच्या ७ वर्षांत तशाच प्रकारची कामं पूर्ण केलेली पाहिजेत, एकतर ३ कामं प्रत्येकी अंदाजपत्रकाच्या ४० टक्के, नाहीतर २ कामं प्रत्येकी ५० टक्के, नाहीतर एकच काम ८० टक्क्यांचं. अन वर्षाची उलाढाल मागच्या ३ वर्षांच्या सरासरीनं निदान ३० टक्के. राज्याच्या, जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या टेंडरात आकडे इकडंतिकडं होतात, म्हणून टेंडर आधी शेवटच्या पानापर्यंत वाचायचं, पण साचा हाच. माझ्या शाळेला लावा. ४० टक्के म्हणजे ९६ लाखाची ३ कामं, किंवा १ कोटी २० लाखाची २, किंवा १ कोटी ९२ लाखाचं १.

आता इथं एक गंमत आहे जी मला लई उशिरा दिसली. एकच काम दाखवून गेलात तर तुम्ही तुमच्या कामाच्या सव्वापटच वर जाऊ शकता. दोन सारखी कामं असतील तर दुप्पट. अन तीन असतील तर अडीचपट. म्हणजे एक कोटीचं एक काम केलेला माणूस सव्वा कोटीला थांबतो अन एक कोटीची तीन केलेला अडीच कोटीला पोचतो. मी आयुष्यभर उलटं केलं, एक झालं की लगेच त्याच्यापेक्षा मोठ्याच्या मागं. भाच्याला म्हणलं, एका साइजची तीन कर, मग उडी मार. तो म्हणला, "मामा, पण पहिलं कुठून आणू?" बरोबर विचारलं पोरानं.

पहिलं काम येतं चिठ्ठीतून, म्हणजे चिठ्ठ्या टाकून नाव काढतात त्यातून. छोटी कामं काम वाटप समितीतून वाटतात, एक वाटा सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, एक मजूर संस्थांना अन उरलेला बाकीच्या नोंदणीकृत गुत्तेदारांना. अंगणवाडीची खोली, नाली, संरक्षक भिंत, असलं. पण एक लक्षात ठेवा, संरक्षक भिंती दहा बांधल्या तरी इमारतीच्या टेंडरला तो अनुभव चालत नाही, अन दहा लहान खोल्यांची बेरीज करून एक मोठी इमारत पण होत नाही. चिठ्ठीत भिंत आली तर करा, नाही म्हणू नका, पण मनात खोली धरून बसा.

जुन्या कामाची रक्कम वाढवून धरतात हे पण बऱ्याच जणांना माहीत नसतं. आपल्याकडं बऱ्याच टेंडरात वर्षाला १० टक्के वाढ देतात, म्हणजे ३ वर्षांपूर्वीचं ८० लाखाचं काम आज १ कोटीच्या वर मोजलं जातं. ही वाढ तुम्ही तक्त्यात स्वतः मांडायची, टेंडर क्लार्क तुमच्यासाठी गुणाकार करत बसणार नाही.

मग येतं ते बिड कपॅसिटीचं, म्हणजे तुम्ही अजून किती काम पेलू शकता ते काढायचं सूत्र, ज्याला भाचा बघून म्हणला हे तर दहावीचं बीजगणित. ए गुणिले एन गुणिले २, वजा बी. ए म्हणजे मागच्या ५ वर्षांतलं तुमचं सगळ्यात चांगलं एक वर्ष, त्या वर्षात केलेल्या कामाची रक्कम, आजच्या भावानं. एन म्हणजे काम किती वर्षांत करायचंय. बी म्हणजे हातातल्या कामांचं तेवढ्याच काळात उरलेलं ओझं. मधला २ काही टेंडरात दीड असतो, काहीत अडीच. माझं चांगलं वर्ष १ कोटी ८० लाखाचं, मुदत १८ महिने म्हणजे दीड वर्ष, गुणाकार आला ५ कोटी ४० लाख, हातातली कामं १ कोटी १० लाखाची, उरले ४ कोटी ३० लाख. २ कोटी ४० लाखाच्या कामाला भरपूर झालं. इथं लोक काय करतात, बी लपवतात. दुसऱ्या जिल्ह्यातलं काम दाखवतच नाहीत. मला पण एकानं सांगितलं होतं की एवढं खरं कशाला लिहिता. मी सगळं लिहिलं, सज्जन म्हणून नाही हो, भीतीनं. सापडलं तर खोट्या माहितीखाली टेंडरसोबत भरलेला बयाणा जप्त अन नाव काळ्या यादीत, मग ते लायसन्स फ्रेम करून भिंतीवर लावायच्याच कामाचं.

हां, तर मी का उडालो. तीन कामं दाखवली होती. पहिलं नीट बसलं. दुसऱ्या कामाच्या पूर्णत्वाच्या दाखल्यावर लिहिलं होतं 'काम बहुतांशी पूर्ण', अन पूर्ण झाल्याची तारीखच नव्हती. इमारतीत दोन वर्षं पोरं शिकायलीत, पंखे फिरायलेत, पण कागदावर काम बहुतांशी. तिसऱ्याची तर अजून वाईट गत. ते ७ वर्षं म्हणजे टेंडर निघालं त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापासून मागं मोजतात अन माझं काम दोन महिन्यांनी बाहेर पडलं. मी चुकून टेंडरच्या वर्षापासून मोजलं होतं. ही चूक माझीच, कुणाला नाव ठेवू?

तारखेसाठी मात्र मी चार महिने एका ऑफिसच्या चकरा मारल्या. ज्या कार्यकारी अभियंत्यांनी सही केली होती ते बदलून गेलेले, नवीन साहेब म्हणले माझ्या काळातलं नाही, मेजरमेंट बुक, म्हणजे कामाच्या मोजमापांची वही बघू. मेजरमेंट बुक ऑडिटला. ऑडिटवाले म्हणले परत पाठवलं. शेवटी ते तिथल्याच कपाटात, दुसऱ्या कामाच्या गठ्ठ्यात बांधलेलं निघालं. तारीख मिळाली तोवर त्या शाळेचा प्लिंथ, म्हणजे जोतं झालं होतं.

अन त्याच्याही आधीची नऊ वर्षं तर कुठंच नाहीत. मी मोठ्या गुत्तेदारांच्या हाताखाली पेटीवर, म्हणजे त्यांचं काम तोंडी पोटठेक्यानं घेऊन करायचो. तीन मजली वसतिगृह मी उभं केलंय, फुटिंगपासून पाण्याच्या टाकीपर्यंत, क्यूब टेस्टला ठोकळे सुद्धा मी भरलेत. दाखला मूळ गुत्तेदाराच्या नावानं. परवानगी घेऊन अधिकृत उपकंत्राट केलं असतं तर निदान काहीतरी बोलता आलं असतं, पण तेव्हा आम्ही शब्दावर काम करायचो अन पैसे शनिवारी रोख. रोख म्हणजे ना टीडीएस, ना उलाढाल. खासगी बांधकामाचा अनुभव काही ठिकाणी धरतात तो पण टीडीएस दिसला तरच.

म्हणून अनुभवाची अटच नको म्हणणारे जे आमचे मित्र आहेत त्यांचं मला वाटतं पटायला पाहिजे, पण पटत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला मी अकरा वर्षांचा होतो. किल्लारीचा भूकंप. गणपती विसर्जनाची रात्र, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. दगड-मातीच्या जाड भिंती अन वर मातीचं माळवद, ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. पुढं ५२ गावं नव्या जागेवर वसवली, माझे मामा त्या कामांवर गवंडी होते, कोपऱ्यात सळई का वाकवायची, भूकंपपट्टा का भरायचा हे मी त्यांच्याकडून ऐकत मोठा झालो. शाळा कुणालाही बांधायला द्या असं माझ्या तोंडून निघायचं नाही.

राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. 'तशाच प्रकारचं काम' ह्याची व्याख्या. आरसीसी फ्रेमची इमारत म्हणलं तर ठीक. पण कुठं लिहितात लिफ्टसहित इमारत, अन जी बांधायचीय ती तळमजला अधिक एक. कुठं स्वतःच्या मालकीचा आरएमसी, म्हणजे तयार काँक्रीटचा प्लांट पाहिजे, भाड्याचा चालत नाही, अन तो साइटपासून इतक्याच किलोमीटरच्या आत. सगळ्यांना माहीत असतं तसा प्लांट कुणाचा आहे. अन साइट पाहिल्याचा दाखला, उपअभियंत्याच्या सहीचा. दिसायला किती चांगली अट, जागा बघूनच रेट टाका. पण दाखला घ्यायला कोण कोण आलं हे संध्याकाळपर्यंत बाहेर कळतं अन रात्री फोन सुरू होतात, "भाऊ, यावेळी राहू द्या, पुढचं तुमचं." गुत्तेदारांची आपसातली रिंग अशीच बसते. ऑनलाइन टेंडर आलं ते हेच मोडायला, अन अट परत माणसाला त्याच टेबलापुढं उभं करायलीय.

ह्यावर हातात एकच गोष्ट आहे, प्री-बिड मीटिंग, टेंडर भरायच्या आधी शंका विचारायची बैठक. तिथं तोंडी बोलून काही होत नाही, लेखी द्यायचं अन पोच घ्यायची. मी दोनदा दिलंय. एकदा शुद्धिपत्रक निघालं अन प्लांट भाडेकरारावर चालला. एकदा उत्तर आलं, 'टेंडरमधील अटीप्रमाणे'. पुन्हा त्या ऑफिसात चहा मिळाला नाही हे वेगळं.

बाकीचे कागद पटकन सांगतो. जीएसटी, पॅन, पीएफ, व्यवसाय कर, बँकेची सॉल्व्हन्सी म्हणजे ऐपतीचा दाखला, मशिनरीचे इनव्हॉइस, इंजिनिअरचं नेमणूक पत्र, शपथपत्र. लहान उद्योगाचं उद्यम सर्टिफिकेट दाखवून बयाणा माफ होईल म्हणून राहू नका, ती सवलत माल अन सेवेला, बांधकामाच्या कामाला सहसा धरत नाहीत. शंभरचा बाँड ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा झालाय. अन सीएच्या उलाढालीच्या दाखल्यावर यूडीआयएन नंबर, म्हणजे सीएनं दर दाखल्याला ऑनलाइन काढायचा वेगळा नंबर पाहिजेच, २०१९ पासून त्याच्याशिवाय दाखल्याला किंमत नाही.

भाच्याला मी एक बॉक्स फाइल दिली, रिकामी. त्याला चिठ्ठीत अंगणवाडीची खोली लागलीय. तो विचारायला लागला सुरुवात कधी करू, मुरूम कुठून आणू. म्हणलं आधी कार्यारंभ आदेशाची प्रत लाव ह्यात. अन शेवटचं बिल निघायच्या दिवशी दाखला हातात घेतल्याशिवाय तिथून उठू नको, तारीख वाच, रक्कम वाच, कामाचं नाव टेंडरसारखंच आहे का ते वाच. बिल निघालं की मग तुला कुणी ओळखत नाही. "अन बिलच नाही निघालं तर?" म्हणला. लबाड आहे, चांगला गुत्तेदार होईल.

आता थांबतो. गुरुवारी संध्याकाळी ५ ची मुदत आहे, एका वसतिगृहाच्या दुरुस्तीचं टेंडर, सगळं अपलोड झालंय फक्त उलाढालीच्या दाखल्यावर यूडीआयएन पडायचा राहिलाय अन आमचे सीए साहेब सहकुटुंब तुळजापूरला गेलेत, फोन लागंना. सकाळी पहिल्या एसटीनं जाऊन मंदिराच्या रांगेतच गाठतो त्यांना. लॅपटॉप माझाच घेऊन जातो.