स्टुटगार्टमधली तीन वर्षं आणि दारावरची पाटी

जर्मनीत स्टुटगार्टला राहायला आल्यावर दुसऱ्याच सोमवारी दार उघडलं, तर मुठीला एक लाकडी पाटी अडकवलेली. झाडू-बादलीचं चित्र आणि खाली एकच शब्द, 'केरवोखं'. कुणाची तरी चुकून आली असेल म्हणून नवऱ्याने ती कठड्यावर ठेवली. संध्याकाळी पाटी पुन्हा आमच्याच दारावर!

'केरन' म्हणजे झाडणं आणि 'वोखं' म्हणजे आठवडा. त्यातला 'केर' आमच्या कानाला लगेच ओळखीचा वाटला. उच्चाराचा योगायोग असेल, पण शब्द कायमचा डोक्यात बसला. पाटी ज्याच्या दारावर, त्या आठवड्यात जिना झाडून-पुसून काढायची पाळी त्याची. काम झालं की पाटी शेजारच्या दारावर. श्वाबेन म्हणजे स्टुटगार्टच्या आसपासचा भाग, तिथली ही फार जुनी रीत आहे. घाण दर आठवड्याला बाहेर न्यायची, असा नियम १४९२ च्या इथल्या शहर-कायद्यात होता.

आता ही पाळी भाडेकरारातून येते, म्हणून सही करण्याआधी ते कलम नीट वाचा. 'क्लाइनं', म्हणजे छोटी पाळी: आपल्या मजल्याचा जिना. 'ग्रोसं', म्हणजे मोठी: अंगण, तळघर, फुटपाथ आणि हिवाळ्यात बर्फसुद्धा. कामाच्या दिवशी सकाळी सातच्या आत फुटपाथ मोकळा लागतो. आम्ही रात्री हवामान बघून खोरं दाराशीच ठेवायचो.

पहिल्या शनिवारी मी घरच्या सवयीने बादलीभर पाणी जिन्यावर ओतलं. शंभर वर्षं जुना लाकडी जिना! पाणी खाली ओघळलं तशा तळमजल्यावरच्या आजी बाहेर आल्या. रागावतील म्हणून माझे हात थरथरत होते. त्या आत गेल्या, हातातला छोटा ब्रश आणि सुपली घेऊन आल्या आणि पायरीवर गुडघे टेकून बसल्या. ब्रशच्या टोकाने कोपऱ्यातली धूळ आधी बाहेर ओढायची, मग फडकं इतकं घट्ट पिळायचं की लाकडावर ओघळ उठता कामा नये. "निश्ट नास. फॉयश्ट." ओलं नाही, ओलसर. जर्मनच्या वर्गात न शिकलेले हे दोन शब्द मी तिथे शिकले.

त्यानंतर आमचा शनिवार ठरून गेला. माझं झाडून झालं की आजी दार किलकिलं करून पाहायच्या आणि मग गप्पा. मी मुंबईची म्हटल्यावर त्यांनीच सांगितलं की १९६८ पासून मुंबई आणि स्टुटगार्ट ही भगिनी शहरं आहेत. मला ते माहीतच नव्हतं. 'झी' सोडून 'डू' म्हणा, असं त्या दीड वर्षाने म्हणाल्या. आपल्याकडच्या अहो-जाहो आणि अगं-तुगंसारखंच आहे ते. मोठ्या माणसाने आधी म्हणायचं, आपण पुढाकार घ्यायचा नाही.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, 'आनमेल्डुंग', करावी लागते. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद हवा, तो चावीबरोबरच मागून घ्या. घर रिकामं मिळतं ते कित्येकदा ओटा आणि सिंकशिवाय, म्हणून घर बघतानाच विचारा. रविवारी दुकानं बंद असतात. दूध, पीठ शनिवारीच भरून ठेवा, अडलंच तर मुख्य स्टेशनवरची काही दुकानं उघडी असतात. काचेच्या बाटल्या रविवारी डब्यात टाकू नका, खणखणाट होतो. प्लास्टिकच्या बहुतेक बाटल्यांचे २५ सेंट परत मिळतात, फेकू नका.

शाकाहारी असाल तर 'माउलटाशन'पासून, म्हणजे सारण भरलेल्या पिठाच्या चौकोनांपासून, जपून. सारण हिरवंगार पालकाचं दिसलं तरी आत बहुधा मांस असतं. श्पेट्झलं म्हणजे पिठाच्या जाडसर छोट्या शेवया, 'केझं-श्पेट्झलं'मध्ये चीज आणि अंडं. मसूर आणि श्पेट्झलं हा इथला घरगुती पदार्थ आमटीची आठवण करून देतो, पण वर सॉसेज असतं आणि कधी आतही डुकराच्या चरबीचे तुकडे, म्हणून 'ओनं फ्लाइश, ओनं श्पेक' (मांस नको, चरबीचे तुकडेही नकोत) असं दोन्ही सांगा.

आणि खिडक्या! पहिल्या नोव्हेंबरमध्ये थंडीच्या भीतीने आम्ही त्या उघडल्याच नाहीत. रोज कुकर, फोडण्या आणि घरातच वाळत घातलेले कपडे. डिसेंबरात बेडरूमच्या कोपऱ्यात काळी बुरशी आली आणि अनामत रकमेतून पैसे कापायची गोष्ट निघाली. आजींनीच उपाय सांगितला. हीटर बंद करायचा आणि दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं वारा खेळू द्यायचा. खिडकी नुसती तिरकी करून दिवसभर ठेवली तर भिंत गार पडते आणि बुरशी वाढते. पुढचे दोन हिवाळे भिंती कोरड्या राहिल्या.

घर सोडायची नोटीस तीन महिने आधी, लेखी द्या. आमची शेवटची पाळी निघायच्या आठवड्यातच आली. खोकी बांधून झाली होती. मी कोपरे ब्रशने काढले, फडकं घट्ट पिळून तळमजल्यापर्यंत जिना पुसला आणि पाटी शेजारच्या दारावर अडकवली. आजी खालच्या पायरीशी उभ्या होत्या. त्यांनी वाकून लाकडावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "फॉयश्ट."